गुण-बक्षिसं आणि "मला चित्र येत नाही"

चित्रकलेच्या तासाला गुण, बक्षिसं नसतील तर मुलं मन लावून काम करणार नाहीत, असं अनेकदा म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रांची मुळातच हौस असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काही दिवसांनी तेच रंगीत पेन पुन्हा समोर ठेवले, तेव्हा नेमकी हीच मुलं त्यांच्याकडे कमी वळली. ज्यांना प्रमाणपत्र अचानक मिळालं किंवा मिळालंच नाही, त्यांची हौस टिकून होती.

नऊ-दहाव्या वर्षी तर जास्तच जपायला हवं. या वयात चित्र 'खऱ्यासारखं' हवं असतं आणि हात तेवढा तयार नसतो. घोड्याचा मागचा पाय खोडून खोडून कागद फाटायला येतो, मग "मला चित्र येतच नाही" सुरू होतं, अनेकदा कायमचं. अशा वेळी शिक्षकाने कृपा करून तो पाय स्वतः काढून देऊ नये! "घोडा पळताना हा पाय कुठे वाकतो?" असं विचारावं, हातात माती द्यावी, किंवा कागदाकडे न बघता, फक्त वस्तूकडे बघत रेघ ओढायला लावावी. त्यात सगळ्यांचीच चित्रं वेडीवाकडी येतात, त्यामुळे तुलना आपोआप गळून पडते.

आणखी एक, चित्र भिंतीवर लावण्याआधी मुलाला विचारा. नको म्हणालं तर कारण विचारत बसू नका.