मनगटाचे प्लास्टर निघाले, पण हात वळत नाही: खेड्यात राहून फिजिओथेरपी कशी चालू ठेवावी?

नमस्कार.

आम्ही खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहतो. माझ्या सासूबाई सत्तरीला आल्या आहेत. आषाढात अंगणातल्या शेवाळलेल्या फरशीवरून पाय घसरून त्या उजव्या हातावर पडल्या आणि मनगटाजवळ हाड मोडले. शस्त्रक्रियेची गरज पडली नाही; हाड बसवून प्लास्टर घातले आणि ठरल्या मुदतीने ते काढलेही. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी हाड चांगले जुळत आल्याचे सांगितले. घरात सगळ्यांना वाटले की आता दुखणे संपले. प्रत्यक्षात खरी अडचण त्यानंतरच सुरू झाली आहे आणि तिच्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

प्लास्टर निघाले तेव्हा हात बारीक झालेला होता, बोटे सुजलेली होती आणि मनगट लाकडासारखे ताठ होते. अजूनही मूठ पूर्ण मिटत नाही. मनगट मागे वळत नसल्यामुळे जमिनीवरून उठताना हाताचा रेटा देता येत नाही आणि परातीत भाकरी थापता येत नाही. सर्वांत जास्त अडते ते तळहात वर करताना. श्रावणात पूजेनंतर तीर्थ घेण्यासाठी त्यांनी हात पुढे केला, तेव्हा तळहात वर वळेचना. कोपर पोटाशी ओढून, अंग उजवीकडे कलवून त्यांनी कसाबसा हात खोलगट केला, तरीही पळीतले तीर्थ करंगळीच्या बाजूने ओघळून गेले. त्यांनी काही न बोलता डावा हात पुढे केला आणि लगेच मागेही घेतला. हाताचे दुखणे म्हणजे नुसती वेदना नसते, हे मला त्या वेळी फार जाणवले.

प्लास्टर असतानाच बोटे, कोपर आणि खांदा रोज हलवत राहायचे असतात, हे आम्हाला पुढे बेळगावात फिजिओथेरपिस्टकडे गेल्यावर समजले. जिथे प्लास्टर घातले, तिथे कागद इंग्रजीत मिळाला आणि तोंडी सूचना घाईघाईत कन्नडमध्ये दिल्या गेल्या. सासूबाईंपर्यंत ‘हात गळ्यात बांधून ठेवा’ एवढेच पोहोचले आणि ते त्यांनी इतक्या निष्ठेने पाळले की खांदाही आखडला. आता त्यांना स्वतःचा अंबाडा बांधता येत नाही. आपल्या भागात कितीतरी वयस्कर माणसांना केवळ मराठीच समजते. निदान हाडाच्या दुखण्यात तरी, जिथे निम्मे उपचार रुग्णाने स्वतः घरी करायचे असतात, तिथे सूचना त्याला समजतील अशा देणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

बेळगावच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी कोनमापकाने मनगटाची प्रत्येक हालचाल मोजली, मेणाचा शेक दिला आणि व्यायाम शिकवले. त्या शांतपणे समजावून सांगतात आणि मराठीही बोलतात. मी त्यांचा कागद मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून देवघराशेजारी चिकटवला आहे. त्यांच्या मते सुरुवातीचे दोन आठवडे रोज यायला हवे. आमच्या गावाहून बेळगावला रोज जाणे म्हणजे पावसात एसटीची वाट पाहणे, गर्दीच्या गाडीत दुखरा हात सांभाळणे आणि घरातल्या एका माणसाचा पूर्ण दिवस. दांड्याला धरून उभे राहावे लागले तर जो हात जपायचा त्यालाच हिसके बसतात. शेतात भांगलण चालू आहे, गणपती तोंडावर आले आहेत आणि त्यानंतर सुगी. म्हणून मला नेमके विचारायचे आहे की, शिकवलेले व्यायाम घरी नियमित केले आणि काही दिवसांच्या अंतराने तिथे जाऊन तपासून घेतले, तर हात तितकाच सुधारेल का, की रोज न गेल्यामुळे तो कायमचा अधू राहील?

दुसरी शंका वेदनेची आहे. व्यायाम करताना दुखते, म्हणून सासूबाई थांबतात. किती दुखले तर चालू ठेवावे आणि किती दुखले तर थांबावे, याची ओळख घरच्या माणसाला कशी पटावी? तिसरी गोष्ट, शेजारपाजारचे लोक प्रेमानेच सांगतात की हाड बसवणाऱ्याकडे नेऊन तेल लावून मनगट ओढून घ्या, एका दिवसात मोकळे होईल. मला ते पटत नाही. परंतु वडीलधाऱ्यांना नकार देताना त्याचे कारण सांगता आले पाहिजे.

शेवटची काळजी पुढची आहे. त्या पुन्हा पडू नयेत यासाठी या वयात कोणते व्यायाम सुरू करता येतात? पडल्यापासून त्यांच्या मनात भीती बसली आहे. त्या अंगणात उतरत नाहीत, शेजारी जात नाहीत आणि हळूहळू पायही थकत चालले आहेत.

प्रतिसाद, निपाणीहून (फिजिओथेरपिस्ट)

तुमचे वर्णन स्पष्ट आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. तरीही त्यांचा हात मी पाहिलेला नाही, तेव्हा माझे म्हणणे तुमच्या डॉक्टरांच्या आणि फिजिओथेरपिस्टच्या सांगण्याच्या जागी ठेवू नका.

रोज येणे जमत नसेल, तर तसे त्यांना मोकळेपणाने सांगा. हाड नीट जुळत असेल आणि दुसरी गुंतागुंत नसेल, तर चांगला शिकवलेला आणि खरोखर केलेला घरचा व्यायाम पुष्कळ काम करतो. आठवड्यातून एकदा जाऊन कोन मोजून घ्यावा आणि पुढचे व्यायाम शिकून यावे; अधल्यामधल्या दिवशी व्हिडिओ कॉलवर दाखवावे. दोन फेऱ्यांत कोन तिथेच अडकलेला दिसला किंवा कमी झाला, तर मात्र काही दिवस बेळगावात नातेवाइकांकडे राहून रोजचे उपचार घेणे योग्य ठरेल.

घरी एकदम तासभर व्यायाम करू नका. दिवसातून चार-पाच वेळा, दहा-दहा मिनिटे करा. आधी हात सोसवेल इतक्या कोमट पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवावा आणि पाण्यातच बोटे उघडमीट करावीत. मग बोटांची फक्त वरची दोन पेरे वळवून आकडा करावा, तिथून पूर्ण मूठ मिटावी आणि पुन्हा बोटे सरळ करावीत. मनगटासाठी नमस्कार करावा: दोन्ही तळहात छातीसमोर जोडून, ते एकमेकांपासून सुटू न देता हात सावकाश खाली न्यावेत आणि ताण जाणवेल तिथे थांबून दहा अंक मोजावेत. भाकरी थापताना आणि जमिनीवरून उठताना मनगटाची हीच हालचाल लागते.

तीर्थाच्या प्रसंगाबद्दल तुम्ही लिहिले आहे, त्यात एक महत्त्वाची गोष्ट दिसते. कोपर पोटाशी ओढून आणि अंग कलवून त्यांनी जी हालचाल केली, ती खांद्याची आणि कंबरेची होती. हाताची दोन हाडे एकमेकांभोवती फिरून तळहात वर येतो, ती हालचाल झालीच नाही. व्यायामात हीच पळवाट बंद करावी लागते. खुर्चीत ताठ बसवून काखेत घडी केलेला टॉवेल धरायला सांगा, कोपर काटकोनात ठेवा आणि मुठीत हलके लाटणे उभे धरायला द्या. मग लाटणे सावकाश बाहेरच्या बाजूला कलू द्यायचे. त्याच्याच वजनाने तळहात वर वळत जातो. टॉवेल खाली पडला, तर कोपर सुटले असे समजावे. ही हालचाल उशिरा परत येते, म्हणून सर्वांत जास्त चिकाटी इथे लागते.

खांद्यासाठी भिंतीवर बोटांनी चढत जाणे आणि उताणे झोपून दोन्ही हातांत काठी धरून ती डोक्याकडे नेणे, हे दोन व्यायाम सध्या पुरेत. सूज असेपर्यंत बसताना हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवावा. गळ्यातली झोळी डॉक्टरांच्या परवानगीने सोडून द्यावी.

वेदनेबद्दल मी रुग्णांना असे सांगतो: ताण बसताना दुखणे अपेक्षित आहे. ते अर्ध्या-एक तासात ओसरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली नसेल, तर मात्रा बरोबर आहे. रात्रभर ठणकले किंवा सकाळी बोटे अधिक फुगलेली दिसली, तर व्यायाम बंद न करता जोर आणि वेळ कमी करावा. वाट न पाहता डॉक्टरांना दाखवण्यासारखी लक्षणे वेगळी आहेत. हातात सतत आग होते, साधा स्पर्शही सहन होत नाही, कातडी चकचकीत होते, तिचा रंग बदलतो किंवा घाम फार येतो, ही लक्षणे हाताच्या नसांचा प्रतिसाद बिघडल्याची असू शकतात आणि त्यावर जितके लवकर उपचार होतील तितके चांगले. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत राहिल्या, तर मनगटातल्या नसेवर दाब असू शकतो. अंगठा अचानक सरळ करता येईनासा झाला, तर त्याचा स्नायुबंध तुटलेला असण्याची शक्यता असते. मनगटाच्या या फ्रॅक्चरनंतर काही आठवड्यांनी असे घडू शकते.

मालिशबद्दल वडीलधाऱ्यांना असे सांगून पाहा. कोरड्या कातडीला खोबरेल लावून बोटांकडून कोपराकडे हलका हात फिरवायला हरकत नाही. त्याने सूज उतरायला मदतही होते. दुसऱ्याने जोर लावून मनगट ओढणे किंवा पिळणे मात्र टाळलेच पाहिजे. नव्याने जुळलेल्या हाडावर त्याने ताण येतो, आतल्या ऊतींना इजा होते, सूज वाढते आणि दोन दिवस मोकळा वाटलेला हात पुढे अधिक आखडतो. सांध्याभोवतीचे आवरण आक्रसलेले असते, ते सौम्य ताण वारंवार दिल्यानेच लांबते.

पीठ मळणे, भाकरी थापणे, घागर उचलणे यांसाठी पुढच्या एक्स-रेपर्यंत थांबा. साधारणपणे हलकी कामे आधी सुरू होतात आणि जोराची कामे फ्रॅक्चरपासून तीन महिन्यांच्या सुमारास. परंतु हे वय आणि हाडाची स्थिती पाहून डॉक्टरच ठरवतील. मुठीतली ताकद भरून यायला सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत वेळ लागू शकतो, हे सासूबाईंना आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे त्या निराश होणार नाहीत.

आता पडण्याबद्दल. उभ्या उंचीवरून पडून या वयात मनगट मोडते, तेव्हा हाडे ठिसूळ झाली आहेत का हे पाहायलाच हवे. डॉक्टरांना हाडांच्या घनतेच्या डेक्सा तपासणीबद्दल आणि ‘ड’ जीवनसत्त्वाबद्दल विचारा. मनगट मोडलेल्या स्त्रीला पुढे खुब्याचे हाड मोडण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, आणि खुब्याचे दुखणे माणसाला अंथरुणाला खिळवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात 65 वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करायला सांगितले आहेत. सुरुवात घरातल्या ओट्यापाशी करता येते. ओट्याला डावा हात टेकवून टाचा उचलणे, मग एका पायावर काही क्षण उभे राहणे, आणि हातांचा आधार न घेता खुर्चीतून सावकाश उठबस करणे. पहिले काही दिवस शेजारी कोणीतरी उभे राहावे.

प्रतिसाद, येळ्ळूरहून

माझ्या आईचेही असेच झाले होते, म्हणून केवळ घरातल्या सोयींबद्दल लिहितो. अंगणातली फरशी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासून घ्या आणि पावसाळ्यात ये-जा असलेल्या वाटेवर बारीक खडी टाका. न्हाणीघरात आणि संडासात भिंतीला लोखंडी दांडा बसवून घेतल्यापासून आई पुन्हा एकटी वावरू लागली. एक सांगावेसे वाटते: आम्ही आईला सगळ्या कामांतून बाजूला केले, तेव्हा ती अधिक खचत गेली. शेंगा सोलणे, फुले ओवणे, लसूण निवडणे ही कामे फिजिओथेरपिस्टना विचारून तिच्या हाती दिली आणि तिच्या बोटांनाही व्यायाम मिळाला.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. टॉवेल आणि लाटण्याचा व्यायाम आज सासूबाईंकडून करून घेतला. टॉवेल पुन्हा पुन्हा खाली पडत होता; कोपर कसे निसटते ते त्यांना स्वतःलाच दिसले आणि नंतर त्या फार लक्ष देऊन करू लागल्या. मालिशचे कारण मी मामंजींना वाचून दाखवले आणि त्यांना ते पटले. फिजिओथेरपिस्ट बाईंशी फोनवर बोलणे झाले. आठवड्यातून एकदा येण्यास आणि मधे व्हिडिओ कॉल करण्यास त्या तयार आहेत. पुढच्या भेटीत डॉक्टरांना डेक्साबद्दलही विचारणार आहे.

एक प्रश्न उरला आहे. गणपतीत करंज्यांची मुरड घालण्याचे काम आमच्या घरी सासूबाईंचेच असते आणि यंदाही त्यांची तीव्र इच्छा आहे. त्यात जोर लागत नाही, केवळ चिमटीची हालचाल होते. पीठ मी मळून, पारी लाटून दिली आणि त्यांनी खुर्चीत बसून थोड्या थोड्या वेळाने मुरड घातली, तर चालेल का? निपाणीच्या सरांनी यावर मत दिल्यास फार बरे होईल.