इंग्रजी व्यंजनांचा सराव: तुम्ही नेमकं काय करता, काय करून घेता?

इंग्रजीतल्या २४ व्यंजनध्वनींपैकी बरेचसे मराठी तोंडाला आयते येतात. उरलेल्यांबद्दल इथे लिहा. 'भरपूर ऐका, भरपूर बोला' हे सगळ्यांना माहीत आहे. जीभ कुठे, ओठ कुठे आणि गाडी कुठे अडते, ते हवंय.

माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते

व्हॅन, व्होट, व्हेरी. देवनागरीत 'व्ह' लिहायची पद्धत पडली आणि मुलं त्यातला ह सुद्धा इमानेइतबारे म्हणायला लागली. या ध्वनीत ह नाहीच. वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर हलके टेकवायचे, घशातून आवाज चालू ठेवायचा आणि फटीतून हवा सोडायची. ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. तीन-चार सेकंद तो नुसता ओढता आला तरच शब्दाकडे वळायचं. 'वारा'मधला व ओढून बघा, घर्षण होत नाही. म्हणून तो इथे चालत नाही.

डब्ल्यूला दातांचं कामच नाही. 'ऊ'साठी करतो तसा ओठांचा चंबू करून थेट पुढच्या स्वरावर जायचं: ऊ-एट, ऊ-एस्ट, मग वेग वाढवत वेट, वेस्ट. आरसा समोर हवा. दात ओठाला लागताना दिसले की चुकलं. व्हेट-वेट, व्हाइन-वाइन जोड्या सुटल्या की 'व्हेरी वेल' एका दमात म्हणायला लावते. बरेच जण तिथे घसरतात, कारण पहिल्या शब्दातले दात दुसऱ्या शब्दापर्यंत तसेच राहतात.

कंपन्यांमध्ये उच्चार-प्रशिक्षण देतो

माझ्या मते सगळ्यात चिवट झेड. मराठीत ज आणि झ दोन-दोन प्रकारचे. 'झू' म्हणताना आपण 'झोप'मधला झ वापरतो. तो जवळचा, पण त्यात जीभ आधी टेकते आणि बारीकसा द ऐकू येतो. झेडमध्ये जीभ कुठेही अडत नाही, हवा सलग वाहते. पुढे इ किंवा ए आला की आणखी पंचाईत: मराठी शब्दांत तिथे तालव्य उच्चारच येतो (जीभ, झेंडा), आणि त्याच सवयीने झिप, झीरो, झेब्रा बिघडतात.

उपाय: दोन बोटं कंठावर ठेवून स्स्स्स म्हणा. जीभ तसूभरही न हलवता घसा चालू करा. बोटांखाली थरथर लागली की झेड आला. मग सिप-झिप, सू-झू, प्राइस-प्राइझ. हीच युक्ती श वर केली की 'मेझर', 'व्हिजन', 'प्लेझर'मधला मधला ध्वनी मिळतो. 'मोजमाप'वाला मेझर आणि सैन्यातला मेजर वेगळे ऐकू आले पाहिजेत.

अनेकवचनाचा एस अक्षर बघून वाचू नका. बुक्स, कॅट्समध्ये स. बॅग्ज, रूम्जमध्ये झेड. इज, वॉज, हॅज यांतही झेडच.

भाषाशास्त्राचा विद्यार्थी

वरच्याला जोडून: 'पाच'मधला च हा फुकटचा फायदा. हॅट्स, इट्सच्या शेवटी तोच लावा. आणि 'सिंगर'मध्ये ग नाही, 'फिंगर'मध्ये आहे.

वाक्-उपचाराचं काम करते

प, ट, क शब्दाच्या सुरुवातीला आले की इंग्रजीत हवेचा झोत सुटतो. आपला कोरडा प इंग्रज कानाला ब वाटू शकतो: पिनचं बिन, कोटचं गोट. टिश्यूची दोन बोटं रुंद पट्टी ओठांपासून चार-पाच सेंटिमीटरवर धरा. 'पिन'ला ती उडाली पाहिजे, 'स्पिन'ला नाही. स नंतर झोत नसतो. झोतासाठी फ वापरू नका, हल्ली बहुतेकांचा फ दात-ओठांचा असतो आणि पिनचं 'फिन' होतं. ओठ पूर्ण मिटलेच पाहिजेत.

ट साठी वेगळी दुरुस्ती. आपल्या ट मध्ये जिभेचं टोक मागे वळतं. 'लाल' म्हणा, जीभ जिथे टेकली तिथूनच ट आणि ड काढा.

टोरांटोहून

'थिन'मध्ये आपला थ लावला तर भारतात निभावतं, इकडे अनेकदा 'टिन' ऐकलं जातं. जिभेचं टोक दातांच्या फटीत अलगद ठेवून हवा जाऊ द्या. जीभ चावलीत तर हवाच अडते. पाच सेकंद ओढता येत नसेल तर तो अजून मराठी थ च आहे. 'दिस', 'दॅट'ला हेच, फक्त घसा चालू. 'क्लोद्ज'शी झटापट नको. 'क्लोझ'सारखा उच्चारही शब्दकोशांत दिलेला असतो.

पुन्हा कंपनी-प्रशिक्षणवाला

फोनच्या व्हॉइस टायपिंगवर तपासणार असाल तर पूर्ण वाक्य बोलू नका, संदर्भावरून ते तुमची चूक झाकतं. जोडीतला एकेक सुटा शब्द बोला. बॅक-बॅगमध्ये गोंधळ झाला तर शेवटच्या ग वर दाब देऊन 'बॅगऽ' करू नका. आधीचा ॲ थोडा लांबवा, फरक तिथेच कळतो.