माळा रिकामा करायचा म्हटलं की घरात महाभारत का होतं?

चव्हाट्यावरचा (धागाकर्ता):
बेळगावातलं आमचं घर जुन्या गल्लीतलं. दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. पुढं सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, मागं परसू. रुंदी बेताची, लांबी आगगाडीसारखी. वर लाकडी माळा. कौलं गळतात म्हणून पावसाच्या आत ती उतरवून स्लॅब घालायचं ठरलंय, तेव्हा माळा रिकामा करणं आलंच.

वर काय काय आहे? तांब्याचा बंब, पितळी हंडे, दोन पाळणे, तीन ट्रंका, बंद पडलेला रेडिओ, वाकळांची गाठोडी, 2000 सालच्या साहित्य संमेलनाची स्मरणिका (तीही दोन प्रतींत), आणि कुंद्याचे (इथली खव्याची मिठाई) रिकामे डबे. डबे इतके की आख्ख्या गल्लीला फराळ वाटता येईल.

माझं म्हणणं सरळ आहे. एका दसऱ्यापासून दुसऱ्या दसऱ्यापर्यंत ज्याला हात लागला नाही ते घराबाहेर. अपवाद तीनच: कागदपत्रं, दागिने, देव. आई म्हणते, "असू दे की, खायला मागतंय काय?" मी म्हणतो, मागतंय. जागा खातंय, वाळवीला घर देतंय, आणि दर वर्षी घटाआधी आईचीच कंबर मोडतंय. तुमच्याकडं काय करता?

खानापूरकर:
हा वर्षाचा नियम फ्लॅटवाल्यांचा. आमच्याकडं गावच्या लक्ष्मीची यात्रा कैक वर्षांनी येते. आली की घरटी शे-दोनशे माणूस जेवून जातं. लेकी-जावई, त्यांच्या सासरची माणसं, तालुक्याबाहेरचे पै-पाहुणे. तेव्हा ते हंडे, त्या पराती, ती मोठी पातेली लागतात. तुमच्या दसऱ्याच्या हिशोबानं ती मागच्या यात्रेच्या दुसऱ्याच वर्षी मोडीत गेली असती. आणि आजच्या भावात तेवढ्या जाडीचं पितळ पुन्हा घेऊन दाखवा. आताची भांडी पत्र्याची, एकदा आपटली की पोचा.

किती दिवस हात लागला नाही ते विचारू नका. पुन्हा लागेल का आणि लागलं तर मिळेल का, ते विचारा.

शहापूरची सून:
खानापूरकर, यात्रेत आता भांडी कुणाची असतात ते खरं सांगा. मंडपवाला आणतो, केटरर आणतो. घरच्या हंड्यांना आधी कल्हई हवी आणि कल्हईवाला शोधावा लागतो. बिनकल्हईच्या पितळेत आमटी-ताक ठेवलं की कळकतं, म्हणून शेवटी ते हंडे पाणी भरून कोपऱ्यात उभे. माझ्या सासरच्या यात्रेत हेच बघितलंय.

या चर्चेत एक प्रश्न कुणी विचारतच नाही. माळा झाडतं कोण? "असू दे, आठवण आहे" म्हणणारे बहुतेक पुरुष. चिंच लावून हंडा घासायला त्यातलं कुणी पुढं येत नाही. आमच्याकडं मी नियम केलाय, ज्याच्या हातात फडकं त्याचा निर्णय. मामंजींना बंब ठेवायचा होता. म्हटलं ठेवा, घटाआधी तुम्हीच उजळायचा. एक दसरा उजळला, दुसऱ्याच्या आधी स्वतःच भांडीबाजारात घेऊन गेले.

ब्लाऊजपीसबद्दल तर बोलायलाच नको. ओटीत आलेला खण मी दुसरीच्या ओटीत घालते, ती तिसरीच्या. एक हिरवा खण तर फिरून माझ्याकडंच परत आला, घडी मीच घातलेली होती, ओळखली.

भाऊराव_टांग्याचे:
काय बोलुलालासा ओ सगळे! बेळगावात निम्म्या घरांत माळ्यावर एक तांब्या हाय, ज्यातनं 1924 च्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजी पाणी प्याले. आमच्याकडं बी हाय. एवढं पाणी ते प्याले असते तर अधिवेशन चालवलं कधी म्हणतो मी. तांब्या टाकूया म्हटलं तर थोरला काका जेवण सोडूलालाय.

वकिलाचा कारकून (निवृत्त):
धागाकर्त्यांनी कागदपत्रांना सरसकट माफी दिली आहे ती मला पटली नाही. माझ्या अनुभवात घरातला सगळ्यात मोठा कचरा कागदाचाच असतो, आणि सगळ्यात मोलाची वस्तूही त्याच ढिगात असते. ढीग तसाच ठेवला तर गरजेच्या दिवशी ती सापडत नाही. म्हणजे असून नसल्यासारखी.

भरलेली हेस्कॉमची (विजेची) बिलं, बंद झालेल्या बँक खात्यांची पासबुकं, लग्नपत्रिका, मिक्सरचं हमीपत्र (मिक्सर केव्हाच गेला) हे काढा. धंदा असेल तर वहीखाती कायद्यानं ठरवलेली वर्षं जपावी लागतात, त्यापुढं चालू वाद नसेल तर तीही सोडता येतात.

खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, जुने उतारे, वारसा नोंदीचे कागद आणि शाळा सोडल्याचे दाखले मात्र कुणी कितीही म्हणो, हलवू नका. आपल्या भागात हे जास्तच. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं. तोवरचे कागद मराठीत, त्याही आधीचे मोडीत, पुढचे कन्नडमध्ये. जमिनीच्या मालकीची साखळी जोडताना तिन्ही टोकं लागतात. 'भूमी'वरून (कर्नाटकातली जमिनीच्या नोंदींची संगणक व्यवस्था) निघणारी पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, आज कुणाच्या नावावर काय आहे ते सांगते. आजोबांनी चुलत्याकडून परड्याचा हिस्सा कोणत्या बोलीवर घेतला, ते ट्रंकेतलं वाटणीपत्रच सांगतं. महाराष्ट्रात 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. तोपर्यंत तेच कागद लोक बंबात घालत होते.

आणखी एक. जुना कागद लॅमिनेट करू नका. प्लास्टिक पुन्हा सुटत नाही, आणि सोडवायला गेलं तर कागद त्याच्याबरोबर येतो. चिकटपट्टीही नको, तिचा गोंद पिवळा पडून अक्षरं खातो. घडी उलगडून, सपाट, स्वच्छ सुती कापडात ठेवा आणि भिंतीला टेकवू नका.

पुण्यातून:
मी सगळ्याचे फोटो काढून क्लाऊडवर टाकले आणि आईला म्हटलं, आता मूळ प्रतीची गरज नाही. आता सगळंच डिजिलॉकरमध्ये चालतं.

वकिलाचा कारकून (निवृत्त):
@पुण्यातून, तुमच्या आईंनी मूळ प्रती टाकल्या नसतील अशी आशा करतो. डिजिलॉकरमध्ये संबंधित खात्यानं थेट दिलेला दाखला मूळ प्रतीच्या बरोबरीचा मानतात. आपणच फोटो काढून चढवलेल्याला तो मान नाही. तो नुसता फोटो.

पुण्यातून:
टाकल्या नाहीत, आईनं मला न विचारता परत ट्रंकेत ठेवल्या. 😄 पण बाकी सामानाचं मी बोलतोच. घर आवरण्यावर पुस्तकं लिहिणाऱ्या जपानच्या मारी कोंडो यांची पद्धत वापरून बघा. खोलीवार आवरायचं नाही, प्रकारवार आवरायचं. आधी कपडे, मग पुस्तकं, मग कागद, मग किरकोळ सामान, भावनेच्या वस्तू सगळ्यात शेवटी. आपल्याकडं लोक नेमकं उलटं करतात. पहिली उघडतात ती पत्रांची ट्रंक, आणि दिवेलागणीपर्यंत तिथंच बसून वाचतात. क्रम बदलला की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं म्हणजे आई-बाबांना समजावणं. ते आपल्यालाच करावं लागणार. एकदा चार दिवस येऊन सगळं काढून टाकायचं, रोजच्या कटकटीपेक्षा ते बरं.

अक्का_अनगोळ:
बाळा, ते घर तुझं आहे काय?

आई तिथं बारा महिने राहते. तू चार दिवस येणार, ट्रंका उपसणार, "हे कशाला, ते कशाला" विचारणार आणि परत जाणार. मग तिला चिमटा सापडणार नाही, शेवयांचा सोऱ्या सापडणार नाही, आणि फोनवर तू म्हणणार, ऑनलाइन मागव. म्हाताऱ्या माणसाला डोळे मिटून हात घातला की वस्तू लागली पाहिजे. तुला पसारा दिसतो तिथं तिची जागा ठरलेली असते. आवरायचं तर तिच्या हातानं, तिच्या वेगानं. दिवसाला एक फडताळ पुरे.

आणि त्या कोंडोबाईंनी तिसरं मूल झाल्यावर 2023 मध्ये स्वतःच सांगितलं, की आता घर पूर्वीसारखं नीटनेटकं ठेवणं जमत नाही. बाई प्रामाणिक वाटली मला.

पुण्यातून:
अक्का, मान्य की तिच्या वेगानं. पण ती स्टुलावर चढून माळ्यावर जाते. पडली तर? तेव्हा मला कुणी म्हणणार नाही की घर तुझं नाही.

अक्का_अनगोळ:
मग जड ते खाली आण आणि रोजचं कमरेच्या उंचीवर लाव. फेकायला कशाला पाहिजे?

वेदगंगाकाठचा:
निपाणी भागातून. 2019 च्या ऑगस्टात पाणी घरात आलं, 2021 च्या जुलैत परत. ठेवायचं की टाकायचं हा वाद आमच्याकडं नदीनं मिटवला. पाणी उतरल्यावर गाद्या, वाकळा, धान्य, पोरांची पुस्तकं सगळं चिखलासकट रस्त्यावर ओढलं. त्यामुळं "वस्तू सोडायला शिका" असं कुणी सांगितलं की मला राग येतो. सोडायचं असतं तेव्हा हातात निवड असते.

तरी सामान कमी असावं याच बाजूचा मी आता आहे. कारण साधं. पाणी वाढायला लागलं की ट्रॅक्टर येतो आणि त्यात माणसं, जनावरं, मग जागा उरली तर सामान. ज्यांचं सामान कमी त्यांनी कामाचं सगळं वर चढवलं. ज्यांचं जास्त त्यांचं काय उचलायचं हे ठरेतोवर उंबरा बुडला. आमच्याकडं आता महत्त्वाचे कागद एका घट्ट झाकणाच्या डब्यात असतात आणि तो कुठं आहे ते घरातल्या लहान पोरालाही माहीत आहे.

वडगावचा माग:
ज्यांच्या घरातच धंदा त्यांनी काय करायचं? आमच्या माजघरात माग आहे. सुटे धोटे, फण्या, कांड्यांची पोती, मोडलेल्या मागाचे लोखंडी भाग. पाहुण्याला तो पसारा वाटतो. पण पट्टा तुटला, दात मोडला, की त्याच ढिगातून भाग निघतो आणि काम त्याच दिवशी सुरू होतं. जुन्या बनावटीचे सुटे भाग बाजारात मिळेनात म्हणून दुसऱ्यांचे भंगारात चाललेले माग आम्ही विकत घेतो. खंडेनवमीला पुजायचं ते सामान दुसऱ्या दिवशी गुजरीवाल्याला द्यायचं म्हणता?

चव्हाट्यावरचा (धागाकर्ता):
हत्यारांबद्दल मी बोललोच नव्हतो. ती वापरात आहेत. माझा आक्षेप "कधीतरी लागेल" यावर आहे. वडगावच्या मागाला "कधीतरी" म्हणजे पुढच्या महिन्यात. आमच्या रेडिओला "कधीतरी" म्हणजे कधीच नाही.

रात्रपाळीची सिस्टर:
आरोग्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. पाळण्याबरोबर बाळाची दुपटी-झबली डांबराच्या गोळ्या घालून ठेवायची आपल्याकडं पद्धत आहे. नातवंड झालं की तीच काढून थेट अंगावर. हे करू नका. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचं द्रव्य जन्मतःच कमी असतं. त्यांच्यात त्या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळं रक्तपेशी फुटतात आणि जोराची कावीळ होऊ शकते. बाळात कमतरता आहे की नाही हे आधी कुणाला माहीत नसतं. दुपटी ठेवायचीच तर स्वच्छ धुऊन, कडक वाळवून, वेखंड किंवा कडुलिंबाचा पाला घालून ठेवा आणि वापरण्याआधी पुन्हा धुवा.

आणि गच्चीवरचं भंगार आधी हलवा. टायर, फुटक्या बादल्या, उताणे पडलेले डबे. पावसाचं पाणी साठलं की आठवडा-दहा दिवसांत त्यातून डेंगीचे डास तयार होऊन उडतात. माळ्यावरच्या हंड्यांनी कुणाला ताप आलेला मी तरी बघितला नाही.

शहापूरची सून:
सिस्टर, शेवटचं वाक्य आमच्या मामंजींना दाखवणार नाही.

धागाकर्ते, टाकायचं म्हणजे कुठं हेही ठरवा. घंटागाडीत सगळं एकत्र कोंबलं की ते तुरमुरीच्या कचरा डेपोत जाणार, आणि तिथल्या गावकऱ्यांनी आपल्या माळ्याचा वास का सोसायचा? साड्या भांडीवालीला द्या नाहीतर वाकळ शिवून घ्या. रेडिओ, बॅटऱ्या वेगळ्या ठेवा. पुस्तकं वाचनालयाला विचारून द्या. न विचारता पोती नेऊन टाकली की तो पसारा फक्त त्यांच्या माळ्यावर जातो.

चव्हाट्यावरचा (धागाकर्ता):
आईला धागा वाचून दाखवला. कुंद्याचे डबे, रेडिओ आणि एक स्मरणिका जायला तिची हरकत नाही. कागद कारकून साहेबांच्या सांगण्यानुसार दोघं बसून वेगळे करणार. बंबाला हात लावायचा नाही म्हणते. हंड्यांचं तिचं म्हणणं, विकायचे नाहीत, वापरणाऱ्याला द्यायचे. खानापूरकर, तुमच्या यात्रेला लागतील काय?

खानापूरकर:
लागतील की! रविवारी गाडी घेऊन येतो. किती आहेत?

शहापूरची सून:
या आणि घेऊन जा. पण आधी तुमच्या बायकोला विचारलंत काय?