गाणं शिकायला लागलात तेव्हाचे अनुभव सांगा (मला माझी पट्टी, म्हणजे माझ्या गळ्याला बसणारा सा, उशिरा सापडली)

समुद्राकाठची
काल रात्री लाईट गेलेली, पाऊस धो धो, आणि गडग्यापलीकडच्या घरातली मुलगी अंधारातच पलटे घोटत होती. सारेग रेगम गमप... चढताना व्यवस्थित, उतरताना 'ग'वर अडकायची की परत पहिल्यापासून. मी पडवीत बॅटरीच्या उजेडात आठळ्या सोलत होते आणि नकळत तिच्याबरोबर 'ग' लावला. मग झोप कसली येते, सगळं जुनं आठवत बसले.

मी गाणं शिकायला लागले ३८ व्या वर्षी. त्याआधी मला आवाज नाही हे माहेरी ठरलेलं, सासरीही ठरलेलं. आमच्याकडे गणपतीत आरत्या दीड दीड तास चालतात, सासरे पेटीवर काळी एक (पहिली काळी पट्टी, पुरुषांच्या गळ्याची) धरणार, पुरुष मंडळी सुरू करणार आणि आम्ही बायका मागे. खालून म्हटलं तर आवाज बुडायचा, वरून म्हटलं तर चिरकायचा. शेवटी मी म्हणणंच सोडलं, नुसत्या टाळ्या. कितीतरी वर्षं नुसत्या टाळ्या.

रत्नागिरीला ज्या बाईंकडे जायला लागले त्यांनी पहिल्या दिवशी मला गायला लावलंच नाही. म्हणाल्या, आज जेवायला काय केलंस ते सांग. मी सांगतेय आणि त्या पेटीवर एकेक स्वर चाचपून बघतायत. काळी चारवर थांबल्या आणि म्हणाल्या, आता इथे आ कर. आणि आवाज आला हो! भरलेला, मोकळा, माझाच. मी तिथेच रडले.

नंतर ४ महिने फक्त सा, सकाळी चहाच्या आधी, फोनवर तानपुरा लावून. मग पलटे, मग भूप राग. म आणि नी नाहीत, पाचच स्वर, म्हणून आधी भूप देतात, पण त्यातला ग जागेवर ठेवायला मला वर्ष गेलं. त्यामुळे त्या मुलीचं अडकणं मला अगदी आतून कळलं.

तुमचं सांगा. कसं सुरू केलंत, कुठे अडलात, काहीही.

दोडामार्गचो पाऊस
माका कोणी शिकवक नाय गो ताई. आज्याबरोबर सप्त्याक जाय होतंय, तो बुवाच्या मागे झांज धरून बसा. मी मधीच तोंड उघडलंय काय आजो म्हणा, आधी आयक, मगे गा. दोन वर्सां नुसता आयकलंय. आता मी स्वतः भजनात पुढे बसतंय. आज्याची झांज अजून माझ्याकडेच आसा.

चिपळूण_लोकल
ताई त्या बाई ऑनलाईन शिकवतात का? मी ३१, पूर्ण नवखा, ड्युटी शिफ्टची.

समुद्राकाठची
@चिपळूण नाही हो, त्यांनी आता क्लास थांबवलाय. पण सुरुवातीला निदान पट्टी ठरवायला तरी समोर बसून कोणीतरी ऐकायला हवं, ऑनलाईन आवाज मागेपुढे पोचतो, दोघांनी एकत्र गाता येत नाही. महिन्यातून एकदा समोर आणि बाकी ऑनलाईन असं कोणी मिळतंय का बघा.

खाजणकाठ
मी जि. प. शाळेत शिक्षिका, चार वर्ग एका खोलीत, १७ वर्षं ओरडून शिकवलं. गाणं शिकायची हौस म्हणून क्लास लावला तर दुसऱ्याच महिन्यात आवाज बसला, मला वाटलं रियाजाने बसला. ३ आठवडे झाले तरी सुटेना म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी दुर्बिणीने बघितलं, स्वरतंतूंवर बारीक गाठी. गाण्याने नाही, ओरडण्याने! ऑपरेशन लागलं नाही, आधी मौन आणि मग स्पीच थेरपी. कुजबुजायचंही नाही म्हणाले, मला वाटायचं हळू बोललं की घसा आराम करतो, तर कुजबुजताना उलट ताण येतो. थेरपीत पहिलं काय शिकवलं असेल तर उताणं झोपून पोटावर पुस्तक ठेवायचं आणि श्वास घेताना ते पुस्तक वर गेलं पाहिजे, खांदे हलता कामा नयेत. क्लासमधल्या सरांनी हेच सांगितलेलं, तेव्हा डोक्यात शिरलं नव्हतं. आता वर्गात टाळी वाजवून मुलांना गप्प करते आणि आवाज संध्याकाळच्या यमन रागासाठी ठेवते. आवाज २-३ आठवड्यांत सुटला नाही तर हळद-दूध पीत थांबू नका, दाखवून या, कळकळीने सांगतेय.

कोकमवाली
बाई गं, वाचूनच घसा दाटला. काळजी घे.
मला पहिल्या दिवशीच सांगितलं आंबट बंद. आमच्या घरात रोज सोलकढी, मी ६ महिने तोंड फिरवून बसायचे 😢

राजापूरवाला
@कोकमवाली प्या खुशाल. गिळलेलं अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंना लागत नाही. ज्यांना पित्त वर येतं त्यांना त्रास होतो, रात्री उशिरा तिखट जेवून लगेच आडवं झालं की सकाळी आवाज जड. माझं तेच होतं, जेवण ८ ला आणलं आणि फरक पडला.

कोकमवाली
आज रात्रीच करते सोलकढी. ८ च्या आत 😀

काळी_पाच
मुलगा १३ वर्षांचा, गाण्याच्या प्रवेशिका परीक्षेपर्यंत आलाय, आणि गेल्या मे पासून आवाज फुटलाय. वरचा सा लागायचा तो लागेना, रडकुंडीला येतो, म्हणतो मला सोडायचंय. कोणाच्या मुलाचं झालंय का असं?

राजापूरवाला
माझंच झालंय. या वयात स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ सप्तकभर खाली उतरतो. जुन्या पट्टीत ओढायला लावू नका. आमच्या सरांनी तेव्हा माझं गाणं कमी केलं आणि वर्षभर तबल्याला बसवलं, झपताल, एकताल, सगळे ठेके हातात आले. आवाज परत आला तो वेगळाच होता, काळी एकचा, पण लय पक्की झालेली. सोडू देऊ नका त्याला.

काळी_पाच
खूप खूप धन्यवाद दादा. त्याला आत्ताच वाचून दाखवलं, काही बोलला नाही पण तबला कुठे ठेवलाय विचारून गेला.

माडाखाली
तबल्यावरून आठवलं, पावसात तबल्याचा सूर उतरतो त्याचं काय करता? चामडं ओल धरतं, मी रोज हातोडी घेऊन बसलेलो असतो. पेटीच्या भात्याला पण बुरशी आलीय.

दोडामार्गचो पाऊस
कपाटात झिरोचो बल्ब लावून ठेव, रात्रभर चालू. आमची पेटी तशीच ऱ्हवता. बंद खोक्यात घालून ठेवलंस तर आतले सूर खराब जातले.

माडाखाली
करतो. कणकवलीला कोणी पेटी दुरुस्त करणारे आहेत का, गणपतीच्या आधी हवीय.

वाऱ्यावरची वरात नाही मी
मुद्द्यावर येतो. पेटीवर बोट ठेवून स्वर शोधायची सवय नवीन माणसाने लावून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. पेटीत दोन स्वरांच्या मधली जागा नाही, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटी बंद ठेवली होती, कारणांपैकी एक हेच. मी पहिली दोन वर्षं पेटी धरूनच गायलो, पेटी काढली की माझा गंधार (ग) भरकटायचा. मग तानपुरा, नुसता प सा सा सा, आणि डोळे मिटून. तिथे कळलं स्वर आपण लावायचा असतो.

समुद्राकाठची
पटतंय. पण माझी पट्टी पेटीनेच शोधून दिली, त्यामुळे मला तिच्याबद्दल माया आहे.

खाडीपलीकडे
मला दमा. शाळेपासून सगळे म्हणायचे तू गाऊ नकोस. गायक कुमार गंधर्वांचं क्षयाने एक फुप्फुस गेलं होतं, देवासला कित्येक वर्षं गाणं बंद होतं, आणि नंतर त्यांनी लहान लहान ताना घेऊन स्वतःचं गाणं उभं केलं, हे कळलं त्या दिवशी मी क्लासला नाव घातलं. डॉक्टरांना विचारून, पंप बरोबर ठेवून. माझी तान चारच स्वरांची आहे. पण ती माझ्या श्वासात बसते. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून मात्र आठवडाभर हिरमुसले होते, नंतर कळलं की आपल्याला आपला आवाज हाडांतूनही ऐकू येतो म्हणून आतून भरदार वाटतो आणि रेकॉर्डिंगमध्ये पातळ. सगळ्यांचंच तसं असतं. आता रोज ऐकते.

चिपळूण_लोकल
खाडीपलीकडे ताई 🙏 तुमचं वाचून मीही विचारून टाकलं एका ठिकाणी. रविवारी सकाळी ७ ला बोलावलंय, नाईट संपवून थेट जाणार.

खाडीपलीकडे
जा जा. कोमट पाणी बरोबर ने.

कोकमवाली
@समुद्राकाठची, मग आता गणपतीत आरत्या कशा होतात तुमच्याकडे ते सांगितलंच नाहीस!

समुद्राकाठची
अगो राहिलंच. सासऱ्यांना मी ३ वर्षांपूर्वी धीर करून सांगितलं की आम्हाला काळी एक झेपत नाही. ते गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी घेऊन बसले, काळी चार धरली आणि म्हणाले, करा सुरू. आता सकाळची आरती आमच्या पट्टीत, संध्याकाळची त्यांच्या. सकाळी पुरुष मागे उभे राहून टाळ वाजवतात. थांबा, लाईट आली, पाण्याचा पंप लावून येते.