मदत हवी आहे : अणुपाणबुडीच्या कवचातील झाकणे

फ्रान्सच्या बाराकुडा वर्गातील ‘सुफ्रेन’ या हल्लेखोर अणुपाणबुडीच्या रचनेविषयी वाचताना एका मुद्द्यावर अडलो आहे. अमेरिकेच्या व्हर्जिनिया वर्गातील पाणबुड्यांच्या अणुभट्टीत अतिसमृद्ध युरेनियम (म्हणजे ऊर्जा देणाऱ्या युरेनियम-२३५ चे प्रमाण खूप वाढवलेले इंधन) असल्याने सुमारे ३३ वर्षांच्या सेवाकाळात इंधन बदलावे लागत नाही. सुफ्रेनमध्ये मात्र कमी समृद्ध युरेनियम असल्यामुळे ते साधारण १० वर्षांनी बदलावे लागते. दर वेळी पोलादी कवच कापून पुन्हा जोडणे वेळखाऊ असते, म्हणून फ्रेंच रचनाकार त्यात मोठी झाकणे ठेवतात. खोल समुद्राचा दाब सोसणाऱ्या कवचात मुद्दाम भोके ठेवणे मला तरी धाडसाचेच वाटते. अशा झाकणाच्या कडेभोवती एकवटणारा ताण कवचात कसा वाटून दिला जातो, हे जहाजबांधणीतील जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.