कीर्तनाचा व्हिडिओ: फोकस बुवांना सोडून टाळकऱ्यांवर जातो, कोणती लेन्स घ्यावी?

सेक्टर_पंधरा (कोपरखैरणे):

राम कृष्ण हरी मंडळी. आमच्याकडे दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो. सातारा, जुन्नरकडची माथाडी मंडळी एकत्र येऊन करतात. रोज रात्री नवे कीर्तनकार आणि शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन. गावाकडची म्हातारी माणसं हे मोबाइलवर बघतात, म्हणून रेकॉर्डिंग नीट व्हावं असं मला मनापासून वाटतं.

कॅमेरा सोनी झेडव्ही-ई१०. लेन्स दोन: कॅमेऱ्याबरोबर आलेली १६-५० आणि ॲडॅप्टर लावून जुन्या डीएसएलआरची ५० एमएम एफ/१.८ (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो). मंडपात उजेड बेताचा, म्हणून ५०च वापरतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, गादीपासून साधारण ८ मीटरवर.

अडचण अशी. बुवा गादीवर स्थिर नसतात. दोन पावलं पुढे येतात, मागे सरतात, मृदंगवाल्याकडे मान वळवतात. मागे दीड मीटरवर टाळकऱ्यांची रांग, सगळे पांढऱ्या सदऱ्यात आणि टोपीत. बुवांनी मान वळवली की फोकस थेट एखाद्या टाळकऱ्याच्या चेहऱ्यावर. परत येताना एकदा पुढे जातो, एकदा मागे, मग थांबतो. तेवढ्यात अख्खी फ्रेम किंचित फुगून परत बसते. कॅमेऱ्याच्या माइकमध्ये लेन्सच्या फोकस मोटारीची कर्रकर्र येते ती वेगळीच. ऐन गजरात हे झालं की जीव हळहळतो.

मंडळ लेन्स घेऊन देणार आहे. पैसे वर्गणीचे, त्यामुळे एकदाच आणि योग्य घ्यायची आहे. डोळ्यासमोर तीन आहेत: सिग्मा १८-५० एफ/२.८, टॅमरॉन १७-७० एफ/२.८, सोनी १८-१०५ एफ/४. फोकस कोणती नीट धरेल?

घोडबंदर_रोड:

टॅमरॉन घ्या, डोळे झाकून. एफ/२.८ आहे, लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताचं हलणं सावरणारी सोय) आहे आणि तुमच्या बॉडीत ते नाही. हळद, साखरपुडा सगळं मी त्यावरच करतो.

कळव्याची_फ्रेम:

माउली, टॅमरॉन चांगलीच आहे, पण कॅमेरा ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशनसाठी पैसे मोजायचं कारण नाही. मी ठाण्यात नाटकं आणि नृत्याचे कार्यक्रम शूट करते. तिथेही हेच दुखणं: पुढे एक माणूस हलता, मागे चेहऱ्यांची रांग.

तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी बिघडताहेत. फोकस टाळकऱ्यावर जातो तो कॅमेऱ्याच्या निवडीमुळे. परत येताना डुलतो तो लेन्सच्या मोटारीमुळे. तुमच्या सेन्सरवरचे फेज डिटेक्टचे पॉइंट फोकस कुठल्या दिशेला आणि किती हलवायचा हे सांगतात. पण डीएसएलआरच्या जुन्या लेन्सची मोटार फोटोसाठी बनलेली असते. एका झेपेत पोचायचं आणि थांबायचं, एवढंच तिचं काम. व्हिडिओत सतत बारीक बारीक सरकावं लागतं. ते तिला जमत नाही, म्हणून ती पुढे जाऊन मागे येते. फ्रेम फुगते त्याला ब्रीदिंग म्हणतात. फोकस सरकला की लेन्सला दिसणारा कोन थोडा बदलतो, त्याचा तो परिणाम. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही लेन्स मिररलेससाठीच (तुमच्यासारख्या, आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी) बनलेल्या आहेत, त्यामुळे डुलणं आणि कर्रकर्र यातल्या कुठल्याही लेन्सने बरीच कमी होईल.

आता अंतराचं बघा, कारण खरी निवड तिथे ठरते. तुमच्या कॅमेऱ्यातल्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर ८ मीटरवरून ५० एमएमला फ्रेममध्ये उभं दोन मीटरच्या थोडं वर मावतं, म्हणजे बुवा डोक्यापासून पायापर्यंत. ७० एमएमला दीड मीटर. १०५ला जेमतेम एक मीटर, म्हणजे फेटा, चेहरा आणि छातीवरचे हात. गावाकडे बघणाऱ्या आजींना बुवांचा चेहरा बघायचा असेल तर सिग्मा तुम्हाला अपुरी पडेल.

आणि एफ/१.८चा हट्ट सोडा, हे मी कळकळीने सांगते. ५० एमएम, ८ मीटर, एफ/१.८: ढोबळ हिशेबाने स्पष्ट दिसणारी खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढं अंतर फोकसमध्ये राहतं ते, दोन मीटरच्या आत. तीच एफ/४ला चार मीटरच्या पुढे जाते. म्हणजे एफ/४ला फोकस चुकून दीड मीटर मागच्या टाळकऱ्यावर गेला तरी बुवा स्पष्टच राहतात! आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) साधारण पाचपट वाढवावा लागेल, म्हणून मंडपवाल्याला सांगून समोरून दोन बाजूंनी तिरके असे दोन एलईडी लावून घ्या. भाडं लेन्सच्या मानाने काहीच नाही आणि उजेडात ऑटोफोकसही नीट चालतो. शटर सेकंदाच्या १/५०वर ठेवा, सेकंदाला २५ फ्रेम. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिव्यांचे पट्टे सहसा येत नाहीत.

माझं मत सोनी १८-१०५. एफ/४ सगळीकडे तसाच राहतो, झूम करताना लेन्स लांब होत नाही, आणि पॉवर झूममुळे अभंगाच्या चरणावर हळूहळू जवळ जाता येतं. हाताने रिंग फिरवून तसा झूम साधणं फार कठीण. पण १०५ला एफ/४वर खोली एक मीटरच्या आत येते, तिथे फोकस अचूकच लागतो. त्यासाठी मेनूत दोन गोष्टी बदला. एएफ (म्हणजे ऑटोफोकस) सब्जेक्ट शिफ्ट सेन्सिटिव्हिटी १वर ठेवा, म्हणजे कॅमेरा धरलेला माणूस पटकन सोडणार नाही. एएफ ट्रान्झिशन स्पीड ७पर्यंत जातो, तो ३-४वर आणा. मग स्क्रीनवर बुवांवर बोट ठेवून टच ट्रॅकिंग सुरू करा. मान वळली तरी ते फेटा, अंगरखा धरून राहतं.

सेक्टर_पंधरा:

ताई, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. फार आभार. काल १६-५० लावून ५० एमएमला एफ/५.६वर बघितलं. आयएसओ चढला, पण बुवा आणि टाळकरी दोघंही स्पष्ट! आमच्या मंडळींना तर मागचे टाळकरीही ओळखू यायला हवे असतात, प्रत्येकाचं कुणीतरी गावाकडे बघत असतं.

एक विचारायचं होतं. कॅमेऱ्यात चेहरा नोंदवून त्याला प्राधान्य देता येतं ना? ते करू का?

कळव्याची_फ्रेम:

सप्ताहात बुवा रोज नवे. रोज सेवेआधी त्यांना समोर उभं करून चेहरा नोंदवणं मला बरं वाटत नाही, त्यांची तयारी चालू असते. शिवाय मान वळली की चेहरा उरतच नाही. टच ट्रॅकिंगच बरं.

वाशी_स्टेशन:

वरचं सगळं पटलं. मला एकच जोडायचंय: बुवा डोक्यापासून पायापर्यंत दिसतात त्या फ्रेमसाठी ऑटोफोकस हवाच कशाला? ५० एमएम, एफ/५.६, गादीच्या किंचित मागे फोकस लावा आणि मॅन्युअल करून टाका. तेवढ्या खोलीत बुवा पुढे-मागे फिरले तरी स्पष्ट राहतात. ऑटोफोकस फक्त जवळच्या फ्रेमला. वारकरी संप्रदायाची दोन-दोन तासांची कीर्तनं मी अशीच केली आहेत.

आणि लेन्स घेण्याआधी एका रात्रीसाठी भाड्याने आणा. वर्गणीचे पैसे आहेत, मंडपात बघूनच ठरवा.

कळव्याची_फ्रेम:

हे अगदी बरोबर. फक्त काल्याच्या दिवशी जपा. सकाळी मंडपाच्या कापडातून बुवांच्या मागून उजेड येतो आणि चेहरा काळा पडतो. काळ्या चेहऱ्यावर ट्रॅकिंगही डळमळतं. एक्स्पोजर मॅन्युअल करून चेहऱ्यावर लावा, मागचं कापड पांढरं फटक झालं तरी चालेल. हंडी फोडताना सगळे पुढे धावतात, तेव्हा ट्रॅकिंग बंद करून १८ एमएमवर या आणि फोकस हंडीवर लावून ठेवा.