स्टॅम्प पेपरवर सही झाल्यावर बांधकाम कामगाराचा भरपाईचा हक्क संपतो का? (गोव्यातील पर्वरीचा अपघात)

प्रश्न: सत्तरी तालुक्यातील बहीण

नमस्कार. माझा धाकटा भाऊ सेंट्रिंगचे, म्हणजे स्लॅब ओतण्याआधी खाली फळ्या आणि टेकू उभारण्याचे काम करतो. वय पस्तीस पूर्ण, रोजची हजेरी 700 रुपये, महिन्याला साधारण सव्वीस दिवस काम. 2025 च्या जून महिन्यात पर्वरीजवळच्या एका इमारतीच्या कामावर तो दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून खाली पडला. दोन्ही टाचांची हाडे मोडली आणि कमरेच्या एका मणक्याला मार बसला. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) शस्त्रक्रिया झाली. आज तो घरात काठी घेऊन चालतो, पण अर्ध्या तासाहून अधिक वेळ उभा राहू शकत नाही आणि शिडी चढणे तर विसरूनच जावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

अपघातानंतर तिसऱ्या आठवड्यात कंत्राटदार घरी आला. त्याने 40,000 रुपये दिले आणि स्टॅम्प पेपरवर भावाची सही घेतली. ‘यापुढे माझा कोणताही दावा राहिलेला नाही’ असे त्यात लिहिले आहे. वहिनीला त्या वेळी पैशांची नड होती, त्यामुळे कोणी वाचून पाहिले नाही. आता बिल्डर म्हणतो की कामगार कंत्राटदाराचा आहे, माझा संबंध नाही. आणि कंत्राटदार म्हणतो की त्याने सुरक्षा पट्टा लावला नव्हता, चूक त्याचीच आहे.

पट्ट्याबद्दल मला एक गोष्ट सांगायची आहे. भावाचे कपडे आणि डबा आणायला मी साइटवर गेले होते. तिथल्या पत्र्याच्या खोलीत खिळ्याला चार पट्टे टांगलेले होते आणि त्यांच्यावरचे प्लास्टिकसुद्धा काढलेले नव्हते. भाऊ ज्या फळीवर उभा होता तिचे एक टोक बांधकामाच्या तारेने बांधलेले होते, दुसरे टोक तसेच मोकळे होते. मी मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढले आहे.

आमच्याकडे अजून काही मार्ग उरला आहे का? डॉक्टरांनी पस्तीस टक्के कायमचे अपंगत्व लिहून दिले आहे.

उत्तर 1: फोंड्याचे एक वकील

ताई, मार्ग नक्की आहे, आणि त्या स्टॅम्प पेपरमुळे आपण हात टेकावेत असे काहीही झालेले नाही. कर्मचारी भरपाई कायदा, 1923 याच्या कलम 17 प्रमाणे, कामगाराने भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार केला, तर तो त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरतो. भरपाईची रक्कम आपसांत ठरवायची झाल्यास त्या कराराची नोंदणी या कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांकडे करावी लागते, आणि रक्कम अपुरी आहे किंवा सही फसवणुकीने घेतली आहे असे दिसल्यास आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. घरी येऊन घेतलेली सही या कसोटीला उतरत नाही. जे 40,000 मिळाले ते फार तर अंतिम रकमेतून वजा होतील. त्याखेरीज कंत्राटदाराने औषधोपचारासाठी जे पैसे दिले असतील ते भरपाई म्हणून मोजता येत नाहीत, आणि उपचाराचा आपण केलेला प्रत्यक्ष खर्चही मागता येतो. गोमेकॉत बाहेरून आणायला लावलेल्या सामानाच्या पावत्या म्हणूनच जपून ठेवाव्यात.

अनेकांच्या मनात गोंधळ होईल म्हणून लिहितो: 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. आपल्या भावाचा अपघात जूनमधला असल्याने त्याचा हक्क जुन्या कायद्याखाली निर्माण झालेला आहे. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल करायचा असतो, तेव्हा मुदत हातात आहे, पण ती वापरून संपवू नये.

आता रकमेकडे पाहू. महिन्याचे वेतन कितीही असले तरी या कायद्याच्या हिशेबासाठी जानेवारी 2020 पासून 15,000 रुपये ही कमाल मर्यादा धरली जाते. आपल्या भावाची कमाई 18,000 च्या वर जात असली तरी हिशेब 15,000 वरच होईल. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000, आणि पस्तीस वर्षे पूर्ण झालेल्या माणसासाठी कायद्याच्या अनुसूचीत वयानुसार दिलेला गुणक 197.06. गुणाकार 17,73,540 रुपये येतो. ही पूर्ण व कायमच्या अक्षमतेची रक्कम झाली. पस्तीस टक्के धरले तरी 6,20,739 रुपये होतात. 40,000 रुपयांवर सही घेणाऱ्याला हा आकडा ठाऊक असतो, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

पण पस्तीस टक्क्यांवर थांबू नका. दाखल्यावरचे टक्के शरीराच्या अपंगत्वाचे असतात. कायदा विचारतो ते कमाईची क्षमता किती गेली हे. या दोन गोष्टी एक नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 1976 साली प्रसिद्ध झालेल्या प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या निकालात, कोपराच्या वर डावा हात गमावलेल्या सुताराची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली असेच मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. सेंट्रिंगवाल्याला उभे राहता येत नसेल, शिडी चढता येत नसेल, तर त्याच्या धंद्यात त्याचे काय उरले, हाच प्रश्न आपल्याला आयुक्तांपुढे मांडायचा आहे. त्यासाठी शस्त्रक्रिया केलेल्या अस्थिरोगतज्ज्ञांकडून वेगळा दाखला घ्या. ‘हा माणूस उंचीवर चढून, ओझे उचलून किंवा सलग उभे राहून काम करू शकत नाही’ असे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे आणि कमाईच्या क्षमतेचे मूल्यमापनही असावे. निम्मे खटले या एका कागदावर जिंकले जातात किंवा गमावले जातात.

बिल्डरचा ‘संबंध नाही’ हा बचावही टिकणारा नाही. कलम 12 नुसार मूळ मालकाने आपल्या व्यवसायाचेच काम कंत्राटदाराकडून करून घेतले असेल आणि अपघात त्याच्या ताब्यातल्या जागेवर झाला असेल, तर भरपाई त्याच्याकडून मागता येते; नंतर त्याने ती कंत्राटदाराकडून वसूल करावी. इमारती बांधणे हाच बिल्डरचा धंदा आहे. (स्वतःचे घर बांधून घेणाऱ्या मालकाची गोष्ट वेगळी असते, म्हणून इतर वाचकांनी सरसकट अर्थ काढू नये.) अर्जात दोघांनाही प्रतिवादी करा.

पट्टा न लावल्याचा आक्षेप तेव्हाच उभा राहतो, जेव्हा पट्टा दिला होता, लावण्याचा स्पष्ट आदेश होता आणि कामगाराने तो जाणूनबुजून मोडला, हे सगळे मालक सिद्ध करतो. साधा निष्काळजीपणा त्याला पुरत नाही, आणि मृत्यू किंवा पूर्ण कायमची अक्षमता असेल तर हा बचाव मुळी मिळतच नाही. प्लास्टिकसकट टांगलेल्या पट्ट्यांचे छायाचित्र असल्यास तेही जोडा.

उत्तर 2: साइट सुपरवायझर, बार्देश

मी अठरा वर्षे साइटवर आहे, म्हणून पट्ट्याबद्दल लिहितो. पट्टा अंगावर चढवला म्हणजे माणूस सुरक्षित झाला असे नाही. त्याचा हूक कुठे अडकवणार? सेंट्रिंगच्या वेळी वरच्या बाजूला बहुतेक ठिकाणी मोकळे आकाश असते. खांबांच्या सळ्यांना आडवा जाड दोर ताणून बांधावा लागतो आणि हूक त्या दोराला लावावा लागतो. तो दोर बांधायला दोन माणसांचा अर्धा दिवस जातो, आणि सेंट्रिंगचे काम चौरस फुटाच्या दराने दिलेले असल्यामुळे तो अर्धा दिवस कोणीच धरत नाही. कंत्राटदाराला विचारा की दोर कुठे बांधला होता. त्याला उत्तर देता येणार नाही.

आपल्याकडे जूनमध्ये दुसरी अडचण असते. पाऊस सुरू होण्याआधी स्लॅब ओतून घ्यायचा म्हणून घाई होते, प्लायवर शटरिंगचे तेल लावलेले असते, आणि वरून पहिली सर पडली की पाय ठरत नाही. फळीचे एक टोक मोकळे असेल तर माणूस त्या टोकाकडे सरकताच फळी उलटते. ताईंनी पाहिलेली तार पुरेशी साक्ष आहे. 4 जानेवारी 2014 रोजी काणकोणला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून तीसच्या आसपास माणसे गेली, तेव्हा काही दिवस सगळीकडे तपासणी झाली. एकेक माणूस पडतो तेव्हा तसे कोणी येत नाही.

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या साइटवर अपघाताची सूचना अधिकाऱ्यांना देणे मालकावर बंधनकारक असते. ती दिली होती का, हे कामगार खात्यात लेखी विचारा.

उत्तर 3: म्हापशाचा हिशेबनीस

वकीलसाहेबांच्या उत्तरात एक भर घालतो. भावाच्या मजुरीतून राज्य विम्याची, म्हणजे ईएसआयची 0.75 टक्के कपात होत होती का, ते आधी पाहा. वेतन 21,000 पर्यंत असलेला कामगार त्या योजनेत येऊ शकतो. तो विमाधारक असेल तर 1923 च्या कायद्याखाली मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही. त्याऐवजी अपंगत्वाचा लाभ महामंडळाकडून दरमहा मिळतो आणि उपचारही तिथेच होतात. प्रतिवादीचा वकील हा मुद्दा ऐन वेळी काढतो आणि वर्ष वाया जाते, म्हणून आधीच खात्री करून घेतलेली बरी.

शिवाय बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे भावाची नोंदणी होती का? बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून ते मंडळ चालते. मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केलेला, अठरा ते साठ वयाचा कामगार नोंदणीस पात्र असतो. मंडळाची मदत ही भरपाईच्या बदल्यात नसते.

सत्तरीची बहीण

सर्वांचे मनापासून आभार. विमा कपात होत नव्हती आणि मंडळाकडे नोंदणीही नव्हती, हे भावाने आज सांगितले. मजुरी कधी रोख, कधी मोबाइलवर येत असे. मोबाइलवरच्या जमा रकमा दिसतात. गोमेकॉतल्या केसपेपरवर ‘कामाच्या ठिकाणी उंचीवरून पडून’ अशी नोंद आहे. एक काळजी आहे. भाऊ पडला तेव्हा जवळ असलेला एकच सोबती होता आणि तो आता बेळगाव जिल्ह्यातल्या आपल्या गावी परत गेला आहे.

फोंड्याचे वकील

केसपेपरवरची ती ओळ आणि मोबाइलवरच्या जमा रकमा हे आपले सर्वांत भक्कम पुरावे आहेत. बँकेतून उतारा काढून त्यावर शिक्का घ्या. त्या सोबत्याला आजच फोन करा, त्याचे कथन प्रतिज्ञापत्रावर लिहून घ्या आणि तो पुढच्या कामाला कुठे जाणार आहे तेही विचारून ठेवा, कारण सहा महिन्यांनी हा नंबर बहुधा बंद असेल. दोघाही प्रतिवादींना पोचपावतीच्या टपालाने नोटीस पाठवा. अर्ज पणजीला पाट्टो येथील श्रमशक्ती भवनात आयुक्तांकडे द्यायचा आहे. भरपाई देणे लागू झाल्यापासून एका महिन्यात दिली नाही तर बारा टक्के व्याज चढते आणि समर्थनीय कारण नसल्यास पन्नास टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो, हे नोटिशीत लिहायला विसरू नका.

सत्तरीची बहीण

सोबत्याशी बोलणे झाले. तो येत्या रविवारी वाळपईला येतो म्हणाला. त्या फळीवर सकाळी तोच उभा होता, दुपारी जेवणानंतर भाऊ चढला, असे त्याने सांगितले. सोमवारी आम्ही तिघे पणजीला जाणार आहोत.